जुना गीझर: ठेवायचा की काढायचा?

तुमच्यापैकी बरेच जण हे सकाळच्या भाईंदर लोकलमध्ये ऐकताय. म्हणजे तासाभरापूर्वी तुम्ही आंघोळ करून निघाला असाल. आजचा विषय त्या आंघोळीच्या पाण्याचा आहे. ते कोण तापवतंय, किती वर्षं तापवतंय, आणि त्याला आता निरोप द्यायचा का?

थंड देशांत लोक अख्खं घर तापवतात. बॉयलर, भिंतीला रेडिएटर, सगळा लवाजमा. तिथे जुनी सिस्टीम ठेवायची की बदलायची हा लाखोंच्या खर्चाचा प्रश्न असतो. आपल्या मीरा-भाईंदरला घर तापवायची गरज नाही, मे महिन्यात ते फुकट तापतं. आपण तापवतो फक्त पाणी. पूर्वी हे काम तांब्याचा बंब करायचा. मधे नळी, नळीत लाकडं नाहीतर कोळसा, आणि नळीच्या भोवती पाणी. तो बंब कुठे ठेवायचे आठवतंय? परसात, पडवीत, नाहीतर धूर बाहेर जाईल अशा मोकळ्या न्हाणीघरात. दार लावून बंद खोलीत कोणी बंब पेटवत नव्हतं. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आमच्या घराचं सांगते. भाईंदर पश्चिमेला चार मजली बिल्डिंग, दुसरा मजला. घरात आई, बाबा, आजी आणि मी. बाथरूम दोन. आतल्या बाथरूममध्ये २५ लिटरचा इलेक्ट्रिक गीझर, तांब्याच्या टाकीचा, वय १७ वर्षं. कॉमन बाथरूममध्ये गॅस गीझर, वय ९ वर्षं. नोव्हेंबरमध्ये इलेक्ट्रिकवाल्याने कुरकुर सुरू केली. चालू केला की आतून तडतड, सूं सूं आवाज, आणि अर्ध्या तासाने पाणी जेमतेम कोमट. मेकॅनिक आला, झाकण न उघडताच म्हणाला, "मॅडम, सतरा साल हो गया, निकाल डालो. नया लोगे तो लाइट बिल भी आधा हो जाएगा."

बाबा लगेच म्हणाले, "काढायचाच आहे तर तिथेही गॅसचाच लावू. बाहेरचा बघ, नऊ वर्षांत एकदा तक्रार नाही. फक्त सेल बदलायचे." आई म्हणाली, "चालतोय तोवर चालू द्या ना, कशाला खर्च?" आजी म्हणाली, "मला आपलं बादलीभर गरम पाणी मिळालं की झालं."

मी दोन आठवडे याच्या मागे लागले. दुसरा मेकॅनिक, वायरमन, गॅस एजन्सीचा माणूस, सगळ्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. आणि निकाल उलटाच लागला. १७ वर्षांचा तडतडणारा गीझर राहिला आणि कधीच तक्रार न केलेला गॅस गीझर गेला. का, ते नीट सांगते, कारण तुमच्या घरी हाच वाद कधीतरी होणार आहे.

आधी त्या "बिल आधा" वाक्याकडे बघू.

इलेक्ट्रिक गीझर म्हणजे पाण्यात बुडवलेली एक कॉइल. तिच्यात गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन पाण्यातच जाते. १७ वर्षांपूर्वी तेच होत होतं, आज नवा आणला तरी तेच होणार. एसी किंवा फ्रीजचं तसं नसतं. तिथे नवं मशीन खरंच कमी विजेत जास्त काम करतं. पण २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण १ युनिट वीज लागते, मग गीझर कुठल्याही कंपनीचा आणि कुठल्याही सालचा असू दे. २ किलोवॉटच्या कॉइलला त्यासाठी अर्धा तास लागतो. १५ लिटरला सुमारे ०.६ युनिट आणि १८-१९ मिनिटं.

मग ते स्टार कशाचे असतात? गीझरवरचे स्टार एकच गोष्ट सांगतात. तापलेलं पाणी न वापरता तसंच राहिलं तर टाकीतून किती उष्णता वाया जाते. लेबलवर ते २४ तासांच्या हिशेबाने छापलेलं असतं. नव्या गीझरभोवतीचा फोम चांगला असतो, त्यामुळे ही गळती कमी होते. दिवसभर गीझर चालू ठेवणाऱ्या घरात याचा फरक पडतो. पण आपल्यापैकी बहुतेक घरांत काय होतं? सकाळी अर्धा तास चालू, आंघोळी उरकल्या की कोणीतरी ओरडतं, "गीझर बंद केला का?" अशा घरात बिल अर्धं होणं शक्यच नाही.

तुमच्या टाकीचा फोम कसा आहे ते घरीच बघा. रात्री १० वाजता गीझर पूर्ण तापवा आणि बंद करा. सकाळी ६ वाजता चालू न करता गरम पाण्याचा नळ सोडा. पाणी बऱ्यापैकी गरम आलं तर फोम ठीक आहे. गारढोण आलं तर फोम गेलाय. आमचं पाणी सकाळी कोमटपेक्षा जरा जास्त होतं. १७ वर्षांच्या म्हाताऱ्यासाठी पास.

म्हणजे वय हा निकष नाही. मग निकष कोणते? मी तीन धरले.

पहिला, टाकी. गीझरमध्ये दुरुस्त न होणारी ही एकच गोष्ट. टाकीला भोक पडलं, बाहेरच्या पत्र्याच्या खालून पाणी झिरपायला लागलं, गंजाचे ओघळ दिसले, तर संपलं. कोणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तरी पैसे घालवू नका. त्या दिवशी नवा घ्या.

टाकी कधी जाते हे बरंचसं पाण्यावर असतं. आपल्या शहराला महापालिकेचं पाणी येतं ते स्टेम आणि एमआयडीसीकडून, म्हणजे उल्हास नदी आणि बारवी धरणाच्या बाजूचं. ते पाणी तसं मऊ आहे. पण ते पुरत नाही हे मीरा-भाईंदरकरांना मी काय सांगणार! सूर्या धरणातून आपल्यासाठी रोज २१८ दशलक्ष लिटरची योजना आखली, ती याच टंचाईमुळे. तूट भरून काढायला टँकर येतात, कुठे बोअरिंग चालतं. बोअरिंगच्या पाण्यात क्षार असतात, त्यात आपण खाडीच्या कुशीत. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांत एकाचा गीझर १५ वर्षं टिकतो आणि दुसऱ्याचा ५ वर्षांत जातो. नळाच्या तोटीवर पांढरे डाग पडत असतील, बादलीच्या आत पांढरा थर बसत असेल, तर तुमच्या गीझरच्या पोटातही तेच चाललंय.

पोलादी टाकीच्या गीझरमध्ये एक मॅग्नेशियमचा रॉड असतो, त्याला अॅनोड रॉड म्हणतात. त्याचं काम स्वतः झिजायचं आणि टाकीला वाचवायचं. रॉड संपला की पाणी टाकीलाच खायला लागतं. खारं पाणी असेल तर वर्षातून एकदा तो काढून बघायला सांगा. हा स्वस्तातला रॉड वेळेवर बदलला तर टाकीचं आयुष्य वाढतं. आपल्याकडे बहुतेकांना तो असतो हेच माहीत नसतं, कारण सर्व्हिसवाला बाहेरून फडकं मारून जातो.

दुसरा निकष, बदलता येणारे भाग. कॉइल, थर्मोस्टॅट, गॅस्केट. आमच्या गीझरची तडतड म्हणजे कॉइलवर बसलेले क्षार होते. थर जाड झाला की कॉइल आतल्या आत जास्त तापते, थर्मोस्टॅट वेळेआधी बंद पडतो, पाणी कोमट राहतं आणि शेवटी कॉइल जळते. दुसऱ्या मेकॅनिकने खालची प्लेट उघडली तेव्हा दोन ओंजळी पांढरा चुरा निघाला. टाकी आतून धडधाकट. त्याने टाकी धुतली, कॉइल, थर्मोस्टॅट आणि गॅस्केट नवं घातलं. नव्या गीझरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ होता. आता २५ लिटर पाणी पुन्हा अर्ध्या तासात तापतं.

इथे माझा एक साधा नियम. दुरुस्तीचा खर्च नव्या गीझरच्या एक तृतीयांशाच्या आत असेल आणि टाकी कोरडी असेल, तर दुरुस्त करा. एका वर्षात दुसऱ्यांदा मेकॅनिकला बोलवावं लागलं, तर पुन्हा विचार करा.

तिसरा निकष, सुरक्षा. इथे "चालतंय ना" हे उत्तर धरायचं नाही.

गीझरच्या थंड पाण्याच्या पाइपला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी ६० अंशांवर गेलं की साधारण पाव ते अर्धा लिटर वाढतं. ते वाढीव पाणी या व्हॉल्व्हमधून टपकतं. म्हणजे गीझर तापत असताना थोडं टपकणं नॉर्मल आहे. पण कोणीतरी वैतागतं, प्लंबरला बोलावतं, आणि तो बूच मारून देतो. असं बूच दिसलं तर आजच्या आज काढायला लावा. थर्मोस्टॅट अडकला, आतला कटआउटही चालला नाही आणि व्हॉल्व्ह बंद, तर ती टाकी म्हणजे शिट्टी नसलेला कुकर आहे. आणि पाणी थंड असतानाही व्हॉल्व्ह सतत गळत असेल तर तो बदला. छोटी वस्तू आहे.

मग वीज. २ किलोवॉटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, ३ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट आणि तशी वायर हवी. एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको. प्लग काळा पडला असेल, हाताला गरम लागत असेल, तर गीझर कितीही नवा असो, आधी वायरमन. त्याला दोन गोष्टी विचारा. अर्थिंग खरंच आहे का? जुन्या बिल्डिंगमध्ये तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेला मागे वायरच नसते. दुसरं, आरसीसीबी आहे का? एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गीझरची कॉइल फुटून पाण्यात करंट उतरला तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सप्लाय तोडतो. नळाला हात लावल्यावर हलकीशी झिणझिण येत असेल तर हसण्यावारी नेऊ नका. गीझर बंद, प्लग बाहेर, मग फोन.

आमच्याकडे अर्थिंग होतं, आरसीसीबी नव्हता. तो बसवला. गीझर दुरुस्तीपेक्षा जास्त पैसे त्याला लागले आणि बाबांनी त्यावरून दोन दिवस तोंड पाडलं. चालतंय.

रीडेव्हलपमेंटवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. शहरात चार मजल्यांच्या जागी टॉवर उभे राहतायत. जुना गीझर नव्या घरात नेण्याआधी त्याच्यावरची प्लेट वाचा. पाण्याची टाकी १० मीटर उंच असली की साधारण १ बारचा दाब येतो. चार मजली इमारतीत गीझरवर एक-दीड बार असतो. २० मजली टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावर, मधे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल, तर साडेपाच-सहा बार येऊ शकतो. उंच इमारतींसाठी ८ बारचे गीझर मिळतात. तुमच्या जुन्यावर त्यापेक्षा कमी आकडा असेल तर सोसायटीला आधी दाब विचारा, मग तो भिंतीवर चढवा.

तर आमचा म्हातारा तिन्ही परीक्षा पास झाला आणि राहिला. आता दुसऱ्याकडे येते. तोच हा एपिसोड करायचं खरं कारण आहे.

आमचं कॉमन बाथरूम साधारण ४ बाय ६ फुटांचं, ८ फूट उंच. म्हणजे साडेपाच घनमीटरच्या आत हवा. वर काचेच्या पट्ट्यांची खिडकी, ती डक्टमध्ये उघडते. उन्हाळ्यात पट्ट्या उघड्या असतात. थंडीत गार वारा येतो म्हणून आजी त्या बंद करायला लावते. आणि गॅस गीझर सगळ्यात जास्त चालतो तो थंडीतच.

आता हिशेब बघा. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गॅस गीझर १० मिनिटं चालला तर साधारण १६० ग्रॅम गॅस जाळतो. तेवढा गॅस नीट जळायला जवळजवळ २ घनमीटर हवेतला सगळा ऑक्सिजन लागतो. आमच्या बाथरूममध्ये होती एकूण साडेपाच घनमीटर, त्यात आपण स्वतः श्वास घेणार. एकामागून एक दोघांनी आंघोळ केली तर काय होईल ते तुम्हीच बघा. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

बाबांचा यावर प्रश्न होता, "वास येईल ना? आला की बंद करू." हीच तर अडचण आहे. सिलिंडरच्या गॅसला वास असतो कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. माणसाला वाटतं, वाफेने घुसमटतंय, दोन मिनिटांत निघू. आणि दाराला आतून कडी असते.

जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत एका शाळकरी मुलीचा असाच जीव गेला. भाईंदरहून तीन स्टेशनांवर. थंडीच्या दिवसांत अशा बातम्या नाशिक-पुण्याकडूनही येतात. आणि त्यातले गीझर बऱ्याचदा बिघडलेले नसतात. चांगले चालत असतात. चुकीच्या जागी लावलेले असतात, एवढंच.

हे वाचून झाल्यावर मला आईचं एक वाक्य आठवलं. ती कॉमन बाथरूममध्येच आंघोळ करते, कारण सकाळी आतलं बाबांच्या ताब्यात असतं. ती नेहमी म्हणते, "केस धुतले की माझं डोकं जड होतं, जरा आडवं पडलं की बरं वाटतं." कारण काय हे कोणी डॉक्टरने तपासलेलं नाही, त्यामुळे मी काही ठामपणे म्हणणार नाही. पण केस धुवायला वेळ लागतो, गीझर जास्त वेळ चालतो. मी हे बाबांना सांगितलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, "पण गॅस स्वस्त पडतो म्हणूनच लावला ना आपण."

बाबा हिशेबाचे पक्के. म्हणून आम्ही कागद घेऊन बसलो. तुम्हीही तुमच्या बिलाचे आकडे घालून करा.

एक बादली म्हणजे २० लिटर, २५ अंशांचं पाणी ४० अंशांवर न्यायचं. त्याला लागते ०.३५ युनिट उष्णता. इलेक्ट्रिकमध्ये थोडी गळती धरून ०.४ युनिट. आपल्या बिलात स्लॅब असतात, आणि गीझरचे युनिट वरच्या स्लॅबमध्ये ढकलतात, म्हणून सोयीसाठी १० रुपये युनिट धरा. बादलीला ४ रुपये. गॅसवर त्याच बादलीला साधारण ३५ ग्रॅम लागतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये ४०० बादल्या. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर बादलीला सव्वादोन रुपये. फरक पावणेदोन रुपयांचा. चार माणसं, महिन्याला १२० बादल्या, म्हणजे २१० रुपये.

बाबांनी तो आकडा दोनदा तपासला. चष्मा काढला, कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "दोनशे दहा. काढ उद्या." एवढंच. दुसरा गॅस गीझर लावायचा विषय परत कोणी काढला नाही.

गॅस गीझर म्हणजे मुळात वाईट वस्तू असं मला म्हणायचं नाही. तो घराबाहेर, मोकळ्या गॅलरीत किंवा उघड्या पॅसेजमध्ये असेल, धूर बाहेर जात असेल, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप येत असेल, तर तो ठेवायला हरकत नाही. आपल्या आजी-पणजीने बंबाला जो नियम लावला तोच याला. जाळ बाहेर, पाणी आत. आयएसआय मार्क बघा. काही मॉडेलमध्ये ऑक्सिजन कमी झाला की बंद पडणारा सेन्सर असतो. तो चांगला, पण त्याच्या भरवशावर गीझर बंद बाथरूममध्ये लावायचा नाही. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणूनही नाही, कारण फॅन कोणीतरी बंद ठेवतंच. आणि ज्यांच्याकडे महानगर गॅसची पाइपलाइन आलीये, त्यांनी सिलिंडरचा गीझर तसाच पाइपला जोडू नका. दोन्ही गॅसचे जेट वेगळे असतात. अधिकृत माणसाकडूनच काम करून घ्या.

आमच्याकडे गॅलरी आहे, पण ती बाथरूमपासून लांब, पाइप फिरवायला अर्धं घर फोडावं लागलं असतं. म्हणून तो पर्याय सोडला. एजन्सीच्या माणसाकडून जोडणी बंद करून घेतली, नळी काढली, आणि तिथे १५ लिटरचा इलेक्ट्रिक गीझर लावला. इन्स्टंट का नाही? ३ किलोवॉटसाठी आमच्या वायरमनला नवी वायर ओढावी लागली असती. शिवाय इन्स्टंटला एक बादली भरायला सात मिनिटं लागतात, आजीचा तेवढा धीर नाही. १५ लिटर पाणी ६० अंशांवर तापलं की थंड मिसळून पावणेदोन बादल्या होतात. २५ लिटरमध्ये तीनच्या जवळ. चार जणांच्या घराला दोन्ही मिळून पुरतं.

आता भाड्याने राहणाऱ्यांसाठी, कारण मला माहितीये, तुमच्यातले निम्मे मीरा रोडला शेअरिंगमध्ये राहताय. टोकन देण्याआधी बाथरूममध्ये मान वर करून बघा. आत गॅस गीझर दिसला तर तो हलवायला सांगा, आणि ते राहायला जाण्याआधी. तुम्ही ऑलरेडी राहत असाल तर मालकाला व्हॉट्सअॅपवर लेखी कळवा, फोटोसकट. "काका, गीझर आत आहे, धोका आहे, बाहेर घ्यायचा किंवा इलेक्ट्रिक लावायचा, निम्मा खर्च आम्ही करतो" असं म्हणून बघा. निम्म्या खर्चावर बरेच मालक तयार होतात. अॅग्रीमेंटमध्ये गीझर कोणाचा आणि दुरुस्ती कोणाची हे लिहून घ्या.

आणि तो बदलेपर्यंत? दार उघडं, खिडकीच्या पट्ट्या उघड्या, गीझर चालू करून बादली भरून घ्या. गीझर बंद करा. पाच मिनिटं थांबा. मग आत जाऊन दार लावा. गीझर चालू ठेवून शॉवर घ्यायचा नाही. आत गेलेला माणूस हाकेला ओ देत नसेल तर वाट बघू नका. दार तोडा, गॅस बंद करा, त्याला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. डॉक्टरांना सांगा की घरात गॅस गीझर होता. हे सांगितल्याने उपचाराची दिशा बदलते.

तर एका दमात सांगायचं तर असं. टाकी गळतेय, बदला. कॉइल, थर्मोस्टॅट गेलाय, दुरुस्त करा. व्हॉल्व्ह, अर्थिंग, आरसीसीबी, गीझर जुना असो की नवा, आधी बघा. बिल अर्धं होईल या वाक्यावर पैसे काढू नका. आणि जाळ असलेली वस्तू बंद बाथरूममध्ये असेल तर ती किती चांगली चालते हे बघूच नका, तिथून काढा.

या थंडीत आईने "डोकं जड झालं" एकदाही म्हटलेलं नाही. मी यावरून काही सिद्ध करत नाहीये. फक्त ऐकते आणि बरं वाटतं.

आज घरी गेलात की मान वर करून तुमच्या गीझरकडे एकदा बघा. प्लेटवरचं साल वाचा, व्हॉल्व्हला बूच आहे का बघा. आणि हा एपिसोड फॅमिली ग्रुपवर टाका, विशेषतः ज्या काकांनी "गॅसचा घे, स्वस्त पडतो" असा सल्ला दिला होता त्यांना. भांडू नका त्यांच्याशी. कागद आणि पेन घेऊन बसा.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.